आधी टिक, मग काम

अय्यूबभाई,

गेल्या शुक्रवारी सकाळी आठला भोंगा वाजला, सगळे येऊन पिवळ्या पट्ट्यांवर उभे राहिले आणि समोरच्या लाकडी पॅलेटवर कुणी चढलंच नाही. स्पीकरवर व्यायामाची धून सुरू झाली. दोनशे माणसं एकमेकांकडे बघत होती. मागून कुणीतरी मोजायला सुरुवात केली, तिनापर्यंत गेलं आणि गप्प झालं. आठ मिनिटांचा व्यायाम आम्ही तीन मिनिटांत उरकला आणि आपापल्या लाइनवर गेलो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बघा वैशालीताई, मी गेलो आन् पाच मिनिटांचं प्रोडक्शन वाढलं."

हे वाक्य तुमच्याच आवाजात कानात आलं आणि मी स्टोअरच्या रॅकमागे जाऊन हसले. आदल्याच दिवशी आपली माणसं तुम्हाला तळेगावात माती देऊन आली होती, आणि मी हसत होते. त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. म्हणून आज, बरोबर आठवड्याने, गुरुवारच्या सुट्टीत लिहायला बसले आहे.

मला सगळं क्रमाने लिहायची सवय. यादीबाई हे नाव तुम्हीच ठेवलंत आणि मग सगळ्या चाकण प्लांटने उचललं. पण गेला आठवडाभर एक गोष्ट छातीत अडकून बसली होती. तुमच्या चेकशीटवर मी दोन वर्षं सही केली, आणि त्यातलं शेवटचं वर्ष समोरचे टिकमार्क खरे की खोटे हे मला माहीत नव्हतं. तरी मी सही करत राहिले. तिथपर्यंत येते. आधी जरा बरं बरं आठवू द्या.

शिफ्टच्या आधी साहेबांपासून हेल्परपर्यंत सगळ्यांनी व्यायाम करायचा, ही आपल्याकडची पहिल्यापासूनची पद्धत. लोक तो असा करायचे की जणू दुसऱ्याच कुणाचे हात वर चाललेत. मग एक दिवस रेकॉर्डिंग अडकलं. "पाच, सहा, सहा, सहा" करत बसलं आणि सगळा कारखाना सहाच्या आकड्यावर हात वर करून उभा. देखभाल विभागाचे फोरमन म्हणून तुम्ही स्पीकर दुरुस्त करायला पुढे आलात. स्पीकरकडे न बघता पॅलेटवर चढलात आणि ओरडलात, "सात! आठ! घ्या रे खाली हात, का सुट्टी होईस्तवर असंच ऱ्हायचंय?" तेव्हापासून अकरा वर्षं ते पॅलेट तुमचं.

पुढे तुम्हाला एकट्या मराठीत मोजणं पुरेना. शुक्रवारी मराठी, शनिवारी हिंदी, रविवारी ओडिया, सोमवारी कानडी. नवीन माणूस भरती झाला की सुरक्षेचं प्रशिक्षण नंतर, आधी अय्यूबभाईंना त्याच्या भाषेत एक ते आठ शिकवायचं. कानडी सात तुम्हाला कधीच वेळेवर आठवला नाही. वेल्डिंगचा बसवराज मागून ओरडायचा, "चाचा, आरु के बाद एळु! एळु!" आणि तुम्ही म्हणायचात, "व्हय रे बाबा, हात तर वर गेलाय ना, आकडा येतोय मागून." ज्याची भाषा असायची त्याचे खांदे त्या दिवशी पूर्ण उघडायचे. एवढ्याने पाठ ताठ होते, हे मी कुठल्या तक्त्यात वाचलं नव्हतं.

मी तेव्हा हातात पेन घेऊन व्यायाम करायचे. त्या आठ मिनिटांत दिवसाची यादी मनात लावून होते, असा हिशेब. तुम्ही पॅलेटवरून सगळ्यांसमोर म्हणालात, "यादीबाई, हात वर न्यायचेत, पेन न्हाई. त्याची कुठं मान आखडलीय?"

मान माझी आखडली होती, कंबर धरली होती आणि साखर काठावर आली होती. सगळ्यावर माझ्याकडे यादी होती. पावलं किती, बदाम किती, झोप किती तास. रोज यादी पूर्ण व्हायची आणि मी होते तशीच दमलेली. मुलगी नोकरीला बाहेरगावी, नवरा हिंजवडीत. त्यांची सुट्टी शनिवार-रविवारी, माझी आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या रिवाजाने गुरुवारी. पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांमधून भेटायचो. डबा मी स्टोअरच्या टेबलावर, स्टॉकशीट बघत खायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि तुम्ही विचारलंही नव्हतं. एकदा फक्त टेबलाजवळून जाता जाता म्हणालात, "डबा कुणाबरोबर खाल्ला, हे कुठल्या रकान्यात लिहिता?"

मी म्हटलं, "असला रकाना नाहीये."

"तेच इचारतोय," म्हणालात आणि पाना खांद्यावर टाकून निघून गेलात.

तुम्ही देखभालीतले, त्यामुळे शरीर म्हणजे मशीन, वेळच्या वेळी तेलपाणी करा, असंच तुम्ही सांगणार अशी सगळ्यांची खात्री होती. सुरक्षा सप्ताहात साहेबांनी तुम्हाला त्याच विषयावर बोलायला उभं केलं. तुम्ही माइक हातात घेऊन म्हणालात, "शरीर मशीन न्हाई. मशीनला कंटाळा येत न्हाई. मशीनला शेजारच्या मशीनशी बोलावं वाटत न्हाई. तुमी-आमी मशीन असतो तर माझं काम लई सोपं झालं असतं." आणि खाली बसलात. टाळ्या वाजवायच्या की अजून वाट बघायची, हे कुणाला कळेना.

मला ते पटलं नव्हतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी तुमच्या हृदयात दोन स्टेंट बसले आणि तुम्ही सव्वा महिन्याने परत आलात, तेव्हा मी तयारीत होते. तेवीस ओळींची चेकशीट. सकाळच्या गोळ्या, चालणं, जेवणातलं मीठ, दुपारची विश्रांती, झोप. मशीनच्या चेकशीटचाच साचा वापरला, कारण तो तयार होता. 'मशीनचे नाव' या चौकोनात लिहिलं, अय्यूब. 'स्थान' मध्ये, देखभाल विभाग. आणि तुमच्या खोलीत, कॉम्प्रेसरच्या चेकशीटच्या शेजारी, प्लास्टिकच्या खिशात घालून लावली.

तिथे लावायला नको होती.

माल घेणाऱ्या कंपनीकडून ऑडिटर आला. कडक गृहस्थ, मराठीचा गंध नाही. भिंतीवरचा एकेक कागद बघत तुमच्यापाशी थांबला. गोळ्या आणि मीठ त्याला उमगेना, त्याने वरचं नाव तेवढं वाचलं आणि चौकोन मोजले. अहवालात शेरा आला: 'अय्यूब' या मशीनच्या दैनंदिन तपासणीवर पर्यवेक्षकाची सही नाही, तसेच मशीनच्या यादीत या मशीनची नोंद आढळत नाही.

साहेबांनी दोघांना बोलावलं. "हे अय्यूब मशीन आपण कधी घेतलं?"

मी खाली मान घालून उभी. तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "जुनंच हाय साहेब. मधी ओव्हरहॉलिंगला गेलं होतं."

साहेबांना इतका ठसका लागला की पाणी मागवावं लागलं. पण लेखी आलेला शेरा लेखीच बंद करावा लागतो. आम्ही लिहून दिलं की यापुढे रोज सही होईल, सही करणार स्टोअरच्या वैशाली मॅडम. मला वाटलं, कागद गेला, विषय संपला. दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचा फोन आला. "ताई, ऑडिटरला शब्द दिलाय आपण. सहीला येताय ना? चहा ठेवलाय."

तेव्हापासून रोज साडेतीनला मी स्टोअरमधून निघून सगळी असेंब्ली लाइन ओलांडून तुमच्या खोलीत यायचे. सहीला दहा सेकंद लागायचे आणि चहाला दहा मिनिटं. वाटेत पाच-सहा जण हाक मारायचे, त्यांना उत्तर द्यावं लागायचं. मला वाटत होतं मी तुमच्यावर लक्ष ठेवायला येते आहे. तुमचं औषध कुणाला चाललं होतं, हे कळायला मला फार वेळ लागला.

पहिल्याच महिन्यात तुम्ही माझ्या तेवीस ओळींखाली पेन्सिलीने तीन ओळी वाढवल्यात. नव्या माणसाशी बोलणे. एक राग सोडून देणे. पोट धरून हसणे.

"हे मोजायचं कसं?" मी चिडले.

"तुमी मीठ कसं मोजता?"

"चमच्याने."

"मग राग शिव्यांनी मोजा. काल किती दिल्या, आज किती. उतार पडला की टिक."

आणि मग वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तुम्ही पोहणं शिकायला लागलात. तलावावर सगळी सहा-सात वर्षांची मुलं, आणि त्यांच्या रांगेत पाठीला फुगा बांधून तुम्ही. महिनाभर तुम्ही फक्त बुडत होतात आणि रोजच्या बुडण्याचं वर्णन साडेतीनच्या चहाला हातवारे करून ऐकवत होतात. एका मुलीने तुम्हाला सांगितलं होतं, "आजोबा, घाबरू नका, मी आहे." ते सांगताना तुम्ही डोळे पुसत होतात. मग एक दिवस म्हणालात, "जमलं. तरंगलो. तरंगायला काय करावं लागतं, सांगा?"

"पाय मारायचे, श्वास धरायचा…"

"काईच करायचं नसतं! नुसतं पडून ऱ्हायचं. काई केलं की बुडालं. तुमच्या यादीत 'काही न करणे' ही ओळ हाय का?"

नव्हती. मी त्याच संध्याकाळी माझ्या यादीत घातली: काही न करणे, दहा मिनिटं, गजर लावून. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं, तर चहा तुमच्या नाकातून आला. "काई न करायला गजर! ताई, तुमाला पाण्यातच टाकायला पाहिजे."

तुमच्या टोमण्यांना कंटाळून मी बायकांच्या बॅचला नाव घातलं. ज्या गुरुवारी मी पहिल्यांदा तरंगले, तेव्हा कान पाण्याखाली होते, वर पत्र्याचं छत होतं आणि तुळईवर एक कबूतर होतं. डोक्यात यादी नव्हती. किती वेळ झाला हे मला आजही सांगता येणार नाही, आणि माझ्यासाठी ही किती मोठी गोष्ट आहे ते फक्त तुम्हालाच कळेल. घरी आल्यावर फ्रिजवर चिठ्ठी लावायच्या ऐवजी मी नवऱ्याला फोन केला. ते हिंजवडीच्या वाहतुकीत कंपनीच्या गाडीत अडकले होते. चाळीस मिनिटं बोललो. त्या वाहतुकीचे आभार मानणारी मी एकटीच असेन.

आता ती छातीतली गोष्ट.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी मी सहीला आले आणि बघितलं, तर पुढच्या गुरुवारपर्यंतचे सगळे चौकोन भरलेले. सात दिवस, सव्वीस ओळी. जे दिवस अजून उगवलेच नव्हते, त्यांतल्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या आणि रागही सोडून झाले होते.

कारखान्यात काम न करता आधी टिक मारणं याहून मोठं पाप नाही. त्यापायी लोकांची बोटं गेली आहेत. तुम्ही स्वतः एका फिटरला त्यासाठी आठवडाभर झाडू मारायला लावलं होतं. मी ताडकन म्हटलं, "अय्यूबभाई, हे काय?"

"आधी टिक, मग काम."

"ही खोटी नोंद आहे."

"मशीनवर खोटी. मशीनला टिकशी काय देणंघेणं? माणसाला असतं."

"ही पळवाट आहे."

"मग सही नका करू," म्हणालात आणि चहाचा कप पुढे केलात.

मी सही केली. पुढच्या आठवड्यात भांडलो, पुन्हा सही केली. आणि पुढे वर्षभर तसंच. तुम्हाला वाटलं असेल मी हरले. खरं कारण मी कधीच बोलले नाही, ते आज सांगते. सही थांबवली असती तर माझं येणं थांबलं असतं. मला ती दहा मिनिटं सोडायची नव्हती. तुमच्या हृदयापेक्षा मी माझा चहा जपला, असं गुरुवारी तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. सगळा आठवडा एकच हिशेब डोक्यात घुमत होता: एका वर्षातल्या इतक्या सह्या, आणि प्रत्येकीच्या वर न केलेल्या कामाची टिक.

काल शिफ्ट सुटल्यावर तळेगावला तुमच्या घरी गेले. शेवटची चेकशीट पर्समध्ये घडी करून नेली होती. रझियाभाभी आतल्या खोलीत बसल्या होत्या. मी कागद पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "भाभी, मी बघायला हवं होतं. मी न बघता सह्या केल्या."

भाभींनी कागद हातात घेतला, चौकोनांवरून बोट फिरवलं, आणि मला वाटलं आता रडतील. त्या हसायला लागल्या.

"हाच का तो कागद! अगं बाई, या कागदानं माझं घर हैराण केलं वर्षभर."

"हैराण?" मी विचारलं.

"दर शुक्रवारी घरी आले की चपला काढता काढता सांगायचे, 'टिक मारून आलोय, आता आठवडाभर सुटका न्हाई.' धो धो पाऊस असू दे, छत्री घेऊन तळ्याला फेरी. मी म्हणायची, आज ऱ्हाऊ द्या, कोण बघतंय? तर म्हणे, 'वैशालीताईची सही पडलीय खाली. बाईची सही खोटी पाडू व्हय?' भाजीत मीठ जास्त पडलं तर ताट सरकवायचे. एकदा आमचं भांडण झालं, चांगलं जोरात. झोपायच्या आधी येऊन उभे ऱ्हायले. मी म्हटलं, काय? म्हणे, 'राग सोडायचाय. आजची टिक हाय.'"

मग भाभींचं बोट शेवटच्या चौकोनावर आलं. गुरुवार. तिथेही टिक होती.

"ही पण खरी," त्या म्हणाल्या. "सकाळी तलावावर जाऊन आले. गोळ्या घेतल्या. नाश्ता केला. तिथं कुणी जाडे गृहस्थ नवीन आलेत, ते पाण्यात उतरायला घाबरत होते. तर आपल्या ह्यांनी त्यांना सांगितलं, 'आजोबा, घाबरू नका, मी आहे.' आन् ते यांच्यापेक्षा धा वर्षांनी लहान! मला सांगताना एवढे हसले, एवढे हसले, खुर्चीत मागं टेकले. मला वाटलं दम लागला हसून."

नव्या माणसाशी बोलणे. पोट धरून हसणे. मी पेन काढलं आणि गुरुवारच्या चौकोनांखाली, तुमच्या शेवटच्या दिवसावर, सही केली. एवढ्या विश्वासाने मी आजवर कुठल्याच कागदावर सही केलेली नाही.

तेव्हा अय्यूबभाई, भांडण मी हरले. पूर्ण नाही. कॉम्प्रेसरच्या बाबतीत माझंच बरोबर आहे आणि ते मी सोडणार नाही. शिवाय तुम्ही मला हे सरळ सांगू शकला असतात. वर्षभर मला खोट्या नोंदीच्या टोचणीत ठेवलंत, त्याचा राग आहे. तो आज सोडायचा विचार आहे. बघू, उतार पडला तर.

इकडची बातमी अशी की साहेब समोरच्या भिंतीवर मोठा स्क्रीन लावायचं म्हणतात. व्हिडिओ बघून लोक व्यायाम करतील, कुणी नसलं तरी अडणार नाही. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांबा. काल बसवराजला विचारलं, सोमवारचं कानडी मला जमेल का? तो म्हणाला, "मॅडम, आप हाथ ऊपर लेके जाओ. एळु मैं पीछे से दूंगा."

दोनशे माणसांसमोर उभं राहायची मला भीती वाटते. पन्नाशीला आले, आजवर माइकवरून फक्त हरवलेल्या किल्ल्यांची घोषणा केली आहे. म्हणून आज सकाळी नवी चेकशीट काढली. साचा तोच, तयार आहे. 'मशीनचे नाव' हे शब्द खोडून त्या चौकोनात माझं नाव लिहिलं. ओळी फक्त नऊ. तेवीस ठेवायचा मोह झाला, आवरला. सहीचा प्रश्न होता, तो भाभींनीच सोडवला. नवऱ्यामागची इद्दत पाळायची म्हणून त्यांना अजून चार महिने घराबाहेर पडायचं नाही आणि त्यांना बोलायला माणूस हवं आहे. दर गुरुवारी दुपारी कागद घेऊन तळेगावला जायचं. चहा त्या ठेवणार.

पहिली ओळ: पॅलेटवर उभं राहून मोजणे. उद्या शुक्रवार, म्हणजे मराठी. तेवढं येतं.

तीस वर्षांच्या नोकरीत मी कामाआधी टिक मारलेली नाही. आत्ता हे लिहिता लिहिता उद्याच्या चौकोनात मारली. शाई वाळली पण.

आता सुटका नाही.